‘हुक्ड टॅग’ला मराठीत काय म्हणाल?

दुपारपान:
इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन काळातल्या (साधारण पाचवं ते अकरावं शतक) वस्तूंवरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. तलवारी, नाणी, अंगठ्या इथवर गाडी बरी चालली आणि एका चिमुकल्या वस्तूपाशी येऊन अडली. इंग्रजीत तिला ‘हुक्ड टॅग’ म्हणतात. चांदीचा किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा, गोल नाहीतर त्रिकोणी, जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा. एका कडेला दोन बारीक भोकं, कापडावर शिवून टाकायला. दुसरीकडे पत्र्याचंच निमुळतं टोक मागे वळवून केलेला आकडा. सातव्या शतकापासून अकराव्यापर्यंत हे वापरात होतं. मी ‘आकडी’ लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला, “वाचकाला फेफरं आठवेल.” आता काय करू?

टिचबटण:
सरळ ‘हूक’ लिहा. ब्लाउजला काय लावतो आपण? शिंप्याला ‘आकडे लावून द्या’ म्हटलं तर त्याला वाटेल वीज चोरायचीय.

शुद्धमती:
हूक इंग्रजी आहे. ‘वस्त्रबंधक’ करा. अर्थवाही आहे, सुटसुटीत आहे.

टिचबटण:
हिंदी बातम्या ऐकणाऱ्याला वस्त्रबंधक म्हणजे कपड्यांनी ओलीस धरलेला माणूस वाटेल.

शुद्धमती:
हसा. ‘महापौर’ आला तेव्हाही हसणारे होतेच.

सोनारवाडा:
आमच्या दुकानात चेनच्या टोकाला असतो तो फासा. पण फाशाला समोर कडी लागते. या तुमच्या वस्तूला समोर काय असतं? ते कळल्याशिवाय नाव देऊ नका. आणि चांदी कोरी आहे की काही काम आहे त्यावर?

दुपारपान:
सोनारवाडा, नेमकं विचारलंत. समोर धातूची ठरलेली कडी नसते. दोऱ्याच्या फासात नाहीतर थेट कापडातच अडकवत असावेत. काम मात्र बघण्यासारखं आहे. नवव्या शतकातल्या चांदीच्या नगांवर वेलपत्ती नाहीतर अंग वळवून बसलेलं जनावर कोरतात आणि कोरलेल्या जागेत काळं भरतात. त्या काळ्याला निएलो म्हणतात, चांदीत गंधक मिसळून केलेलं. या शैलीला नाव पडलं ते कॉर्नवॉलमधल्या ट्रिव्हिडल गावावरून. तिथे 1774 मध्ये चांदीचा एक साठा सापडला होता.

सोनारवाडा:
म्हणजे देवघरातली चांदी काळी पडते ती ज्या गंधकाने, तेच मुद्दाम घालायचं! आमच्याकडे काळी पडलेली चांदी घासून देण्यात निम्मा श्रावण जातो.

कृष्णाकाठ:
मग हे बिदरीच झालं की. ‘बिदरी आकडा’ म्हणा.

सोनारवाडा:
नाही हो, उलटं. बिदरीत जस्ताचं भांडं काळं करतात आणि चांदी त्यात ठोकून बसवतात. इथे जमीन चांदीची, काळा रंग वरून.

म्हापशाचा:
शुद्धमतीताई, शुद्ध शब्द शोधत कुठवर जाणार? काज पोर्तुगीज, फीत पोर्तुगीज. बटणाला आमच्याकडे बुतांव म्हणतात, तोही तिथलाच. तुमच्या अंगावरचं सगळं उसनं आहे.

शुद्धमती:
बाराबंदीचे बंद उसने नाहीत.

म्हापशाचा:
‘बंद’ तर फारसी!

शुद्धमती:
संस्कृत ‘बन्ध’ बघा आधी, मग बोला.

मूळशोध्या:
दोघंही बरोबर, ती भावंडं आहेत. पण इथे सगळ्यात मोठी गंमत कोणीच पाहिली नाही. संस्कृत ‘अङ्क’ म्हणजे आकडा, दोन्ही अर्थांनी: वाकडं टोकही आणि संख्याही. आपला ‘आकडा’ त्याच घरातला. जुन्या इंग्रजीत मासेमारीच्या गळाला ‘आंगेल’ म्हणत, तोही याच कुळातला. आणि ज्यांच्यावरून इंग्लंड हे नाव आलं त्या अँगल लोकांचा मूळ प्रदेश, आजच्या उत्तर जर्मनीतला अँगेल्न, हा गळासारखा वाकडा, म्हणून त्यांना ते नाव पडलं, असा एक तर्क आहे. तो धरला तर इंग्लंड म्हणजे आकडेवाल्यांचा देश! दुपारपान, तुमची ‘आकडी’ मुळापासून अचूक आहे. ती खोडणाऱ्या बाईंना हे सांगा.

टिचबटण:
आणि सॅक्सन?

मूळशोध्या:
त्यांचं नाव ‘सेअक्स’वरून, म्हणजे सुरी. आकडा-सुरी लोक.

टिचबटण:
हे तर आमच्या कोळीवाड्याचं वर्णन झालं.

दुपारपान:
मूळशोध्या, मजा आली, पण बाईंना अँगेल्न सांगून उपयोग नाही. त्यांना चित्रातली वस्तू एका शब्दात हवी आहे. आणखी एक अडचण. ही वस्तू नक्की कपड्याचीच असते असंही नाही. विंचेस्टरला एका थडग्यात चांदीची जोडी सापडली ती गुडघ्यांपाशी, म्हणजे पायपट्ट्यांची असावी. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे तिथल्या प्राचीन चौकात, मात्र 1883 मध्ये आठशेहून अधिक अँग्लो-सॅक्सन नाण्यांसोबत असे दोन नग निघाले, त्यांवर पोप मरिनसचं नाव कोरलेलं. हा दुसरा मरिनस, 942 ते 946 चा. ते बहुधा पैशाच्या थैलीचं तोंड बंद करायला होते. मग ‘वस्त्र’ तरी कसं म्हणू?

शुद्धमती:
थैलीही कापडाचीच असते.

म्हापशाचा:
चामड्याची असली तर?

आजीचा_नातू:
इतका वेळ वाचत होतो. माझी आजी कमरेला चांदीचा छल्ला खोवायची. पुढे नक्षीचा पत्रा, मागे वळलेला आकडा, खाली किल्ल्यांचा जुडगा. पत्र्यावर मोर होता, त्याची चोच झिजून गुळगुळीत झालेली. आजी चालली की आधी छुम् ऐकू यायचं, मग आजी. तुमचं वर्णन वाचून तोच डोळ्यांपुढे आला. ‘छल्ला’ का चालू नये?

सोनारवाडा:
छल्ल्याचा आकडा चांगला बोटभर असतो. आणि तो शिवत नाहीत, रोज काढता-घालता येतो. पण घडण तीच, हे खरं. जुने छल्ले आता मोडीतच येतात आमच्याकडे.

दुपारपान:
छल्ला वाचून मराठी वाचक पहिल्यांदा किल्ल्या शोधेल. तूर्त ‘नक्षीदार चांदीचा आकडा’ लिहून पुढे गेले आहे, पण तीन शब्द झाले आणि मथळ्याच्या चौकटीत मावत नाहीत.

टिचबटण:
हूक मावला असता.

शुद्धमती:
नातू, छल्ला खोवत नाहीत, खोचतात. खोवतात तो नारळ.

आजीचा_नातू:
आमच्याकडे पदरसुद्धा खोवतात.

म्हापशाचा:
आणि नारळ?

आजीचा_नातू:
नारळ खवतात.

कृष्णाकाठ:
आमच्याकडे खोबरं किसतात.

शुद्धमती:
किसणं वेगळं, खवणं वेगळं. नवीन धागा काढा.