शिकागो ते सॉल्ट लेक सिटी, जानेवारीत, एकटीने ड्राइव्ह: सल्ला हवाय

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. सॉल्ट लेक सिटीत नवी नोकरी लागली आहे, जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी रुजू व्हायचंय. सामान ट्रकने आधीच जातंय, गाडी मात्र मीच नेणार. आय-८० हायवे धरला तर साधारण १४०० मैल होतात. बेत असा: शुक्रवारी पहाटे निघायचं, पहिला मुक्काम ओमाहा, दुसरा शायेन, रविवारी रात्रीपर्यंत घरी.

शिकागोत पाच हिवाळे काढलेत, बर्फात गाडी चालवायची सवय आहे. पण ती शहरातली, पंधरा-वीस मैलांची. गाडी कोरोला, टायर ऑल-सीझन, बरेच वापरलेले. टायर बदलू का? त्यापेक्षा डेन्व्हरवरून आय-७० ने जाणं बरं का? आणि गाडीत काय काय ठेवू? मी एकटी जातेय हे आईला अजून सांगितलेलं नाही. तिला सांगताना माझी तयारी पक्की असावी असं वाटतं.

तिखटमीठ

अभिनंदन गं! मी दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत डे मॉइनहून शायेनला एकटी गेले होते. टाकी अर्ध्याच्या खाली येऊ द्यायची नाही, हा नियम अगदी काटेकोर पाळ. आयोवात त्याचं काही वाटत नाही, वॉलकॉटला तर तो जगप्रसिद्ध अवाढव्य ट्रक स्टॉपच आहे. पण पश्चिमेला सरकशील तसे पंप लांब लांब होत जातात.

खायला दशम्या आणि दाण्याची चटणी घे. दुधात भिजवलेल्या दशम्या तीन दिवस मऊ राहतात आणि एका हाताने खाता येतात. थर्मासमध्ये चहा. आणि काच धुवायचं पाणी उणे २० फॅरनहाइटवालंच भर. माझ्याकडे साधं निळं पाणी होतं. कर्नीच्या पुढे एका ट्रकने मीठ-चिखल उडवला, मी फवारा मारला, तर ते पाणी काचेवर पडल्या पडल्या गोठलं. वायपर फिरला आणि सगळी काच दुधाळ झाली. ताशी ७० मैलांवर होते. बाजूची खिडकी उघडून, डोकं बाहेर काढून गाडी कडेला घेतली. आजही आठवलं की पोटात खड्डा पडतो.

पायवाट

मी वायोमिंगमध्ये, शायेनच्या पुढच्या लॅरमीला सहा वर्षं होतो. कामानिमित्त रॉलिन्स, रॉक स्प्रिंग्जला भर हिवाळ्यात सतत जाणं व्हायचं, म्हणून सविस्तर लिहितो.

टायरचं बघूच, पण आधी तारीख बदला. शुक्रवारी निघून रविवारी पोचायचं आणि सोमवारी हजर व्हायचं, यात वायोमिंगसाठी एक दिवससुद्धा हातचा ठेवलेला नाही. तिथे आय-८० चक्क फाटक लावून बंद करतात. गावांच्या वेशीवर हायवेवरच रेल्वे क्रॉसिंगसारखी फाटकं आहेत, ती खाली आली की कितीही घाई असो, थांबायचं. कधी चार तासांत उघडतं, कधी दीड दिवसाने. नोकरीची घाई डोक्यावर असली की माणूस नको तिथे पुढे रेटतो. बुधवारी निघा.

दुसरं म्हणजे बर्फ पडत नाहीये म्हणून निर्धास्त राहू नका. लॅरमी ते रॉलिन्स या शंभर मैलांत, विशेषतः आर्लिंग्टन आणि एल्क माउंटनच्या आसपास, आधी पडलेला बर्फ वारा उचलून रस्त्यावर आणतो. वर आभाळ निळंशार असतं, ऊन असतं, आणि खाली डांबरावरून पांढरं काहीतरी सरपटत आडवं वाहत असतं. आधी गुडघाभर. पुढच्या ट्रकची चाकं दिसेनाशी होतात, वरचा डबा तेवढा तरंगत चाललेला दिसतो. वारा वाढला की तो डबाही जातो. अशा वेळी वेग हळूहळू कमी करा, दिवे लावा, पण रस्त्यात मध्येच थांबू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही. पुढचा एक्झिट येईल तो घ्या.

हा टप्पा १९७० साली सुरू झाला. जुना हायवे ३० मेडिसिन बोवरून वळसा घेऊन जायचा, नवा रस्ता अंतर वाचवायला डोंगराच्या कुशीतून काढला. तिथला वारा ओळखणाऱ्या स्थानिकांनी आधीच नको म्हटलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात त्यांचं म्हणणं खरं ठरलं. रस्त्यापासून थोडी दूर उंच लाकडी कुंपणं मैलोन्‌मैल दिसतील. वाऱ्यातला बर्फ रस्त्यावर पोचण्याआधीच खाली पडावा म्हणून ती उभारली आहेत. ती बांधल्यावर हाल बरेच कमी झाले, पण संपले नाहीत.

तिसरं, आणि हे कळकळीने सांगतो. फाटक पडलं की फोनवरचा नकाशा तुम्हाला आतला रस्ता सुचवेल. जाऊ नका. मी एकदा गेलो. चार मैलांवर बर्फाच्या ढिगात गाडी पोटापर्यंत रुतली, फोनला रेंज नाही. हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं तर सायलेन्सरचं नळकांडं बर्फाने बुजतं आणि विषारी धूर गाडीत शिरतो. म्हणून दर दहा मिनिटांनी उतरून हातांनी बर्फ उकरायचा, परत आत यायचं, थोडा वेळ इंजिन चालवून बंद करायचं. हातमोजे भिजले, मग बोटं कळेनाशी झाली. अडीच तासांनी एका रँचवाल्याने ट्रॅक्टरने ओढून काढलं. म्हणून सांगतो, हातमोज्यांचे दोन जोड, एक छोटं फावडं आणि झोपायची जाड पिशवी मागच्या सीटवर ठेवा. डिकी गोठून उघडली नाही तर तिथलं सामान असून नसल्यासारखं.

आय-७० नको. आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे, त्यापुढे वेल पास, आणि युटातल्या ग्रीन रिव्हरहून सॉल्ट लेकला यायला पुन्हा सोल्जर समिटचा घाट. शिवाय कोलोरॅडोत मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरचे कडक नियम लागू असतात.

कोकणकडा

ऑल-सीझनवर मी हा प्रवास तीन हिवाळे केलाय, काही झालं नाही. उगाच खर्चात पडू नका. क्रूझ कंट्रोल बंद ठेवा आणि पुलांवर सांभाळा, पूल रस्त्याच्या आधी गोठतात.

पायवाट

@कोकणकडा, तुमचे टायर नवे असतील. यांचे बरेच वापरलेले आहेत. टायरवरच्या नक्षीची खाच ३/१६ इंचापेक्षा कमी खोल उरली असेल तर वाद घालण्यासारखं काहीच नाही, बदलायलाच हवेत. बदलताय तर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असलेले, म्हणजे बर्फासाठी प्रमाणित केलेले घ्या. साध्या ऑल-सीझनचं रबर थंडीत कडक होतं, पकड तिथेच जाते. आणि हवा सकाळी टायर गार असताना तपासा, तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते.

@निळी_छत्री, शायेन ते लॅरमी मध्ये शर्मन समिट लागतं, ८६४० फूट, आय-८० चा सगळ्यात उंच माथा. तो अंधारात ओलांडू नका. वायोमिंगच्या ५११ वर, म्हणजे रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या सरकारी सेवेवर, रस्त्यावरचे कॅमेरे दिसतात, निघण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी डांबर बघा.

तिखटमीठ

आणि आईला सांग गं. लोकेशन शेअर कर तिच्याशी. न सांगितल्याने काळजी कमी होत नाही.

निळी_छत्री

पोचले! सगळ्यांचे मनापासून आभार. टायर बदलले, ऑफिसला कळवून बुधवारी निघाले. डे मॉइन, मग नॉर्थ प्लॅट, शुक्रवारी दुपारी शायेन. तिथे फाटक पडलेलं होतं. नकाशाने खरंच आतला रस्ता दाखवला, पण मी सरळ हॉटेल गाठलं. शनिवारी दहा वाजता रस्ता उघडला.

एल्क माउंटनपाशी तो तरंगणारा डबा पाहिला. पायवाट, तुम्ही लिहिलं नसतं तर मी नक्की ब्रेक दाबून थांबले असते. वेग उतरवत पुढचा एक्झिट घेतला, तिथे पाऊण तास थांबले. रॉलिन्सला मुक्काम केला आणि रात्री तिथूनच आईला सगळं सांगितलं. ती रडली, मग दशम्या मऊ राहिल्या का ते विचारलं. राहिल्या होत्या. रविवारी दुपारी दोनला दारात.

पुढे कुणी जाणार असेल त्यांच्यासाठी एक: पिण्याचं पाणी डिकीत ठेवू नका. माझ्या सहाच्या सहा बाटल्या दगड झाल्या होत्या, दोन फुटल्या. पायाशी ठेवलेली एकच कामाला आली.