इच्छुक, दावेदार की उमेदवार?

प्रश्न

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या पुढील निवडणुकीत दोन्ही पक्षांकडून कोण उभे राहील, याविषयीच्या अटकळींवर आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या वार्तापत्रासाठी मी लेख लिहीत आहे. ज्यांची नावे घेतली जातात, पण ज्यांनी स्वतः काहीच जाहीर केलेले नाही, अशा नेत्यांना मराठी वृत्तपत्रे कधी ‘इच्छुक’, कधी ‘दावेदार’, तर कधी थेट ‘उमेदवार’ म्हणतात. या तीन शब्दांत भेद पाळावा का? शिवाय ‘डार्क हॉर्स’ला, म्हणजे अनपेक्षितपणे पुढे येणाऱ्याला, ‘काळा घोडा’ म्हटलेले चालेल का?

प्रतिसाद

भेद अवश्य पाळावा. इच्छुक कोण, हे ती व्यक्ती स्वतः ठरवते. दावेदार कोण, हे भोवतालचे लोक ठरवतात. उमेदवार कोण, हे मात्र कायदा किंवा पक्ष ठरवतो.

‘इच्छुक’ हा शब्द आपल्याकडे तिकीटवाटपाच्या दिवसांत रुळला. ‘इच्छुकांची भाऊगर्दी’, ‘इच्छुकांच्या मुलाखती’ या मथळ्यांमागे तिकीट देणारा कोणीतरी वर बसलेला असतो आणि बाकीचे गुडघ्याला बाशिंग बांधून त्याच्या दारात ताटकळत असतात. अमेरिकेत असा तिकीटदाता नाही. आयोवा, न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलायना अशा एकेका राज्यातील मतदारांच्या कौलावरून पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनातील प्रतिनिधी कोणाच्या पारड्यात जाणार हे ठरत जाते. शिवाय तेथील नेते इच्छा असूनही ती बोलून दाखवत नाहीत. आयोवात भाषणे करतात, आत्मचरित्र छापून आणतात आणि विचारले की सध्याच्या जबाबदारीवरच आपले लक्ष असल्याचे सांगतात. अशा व्यक्तीला ‘इच्छुक’ म्हणणे म्हणजे तिच्या मनातले आपणच बोलणे होय.

मारिओ कुओमो यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. न्यूयॉर्कचे हे गव्हर्नर १९९२ च्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रबळ दावेदार मानले जात होते, पण उभे राहायचे की नाही हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. या दोलायमान वृत्तीमुळे वृत्तपत्रांनी त्यांना ‘हडसनकाठचा हॅम्लेट’ असे टोपणनावही दिले होते. २० डिसेंबर १९९१ हा न्यू हॅम्पशायरमध्ये अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस होता आणि त्यांना तेथे नेण्यासाठी न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथील विमानतळावर विमान सज्ज होते. मुदत संपत आली असताना कुओमो यांनी पत्रकारांसमोर येऊन, राज्याच्या अंदाजपत्रकाचा तिढा सुटलेला नसल्याने आपण उभे राहणार नाही, असे सांगितले. ते दावेदार होते यात शंका नाही. उमेदवार झाले नाहीत हेही उघड आहे. पण ते इच्छुक होते का, याचे उत्तर त्या विमानतळावर ताटकळलेल्यांनाही देता आले नसते. पुढे जुलै १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथील पक्षाच्या अधिवेशनात बिल क्लिंटन यांचे नाव सुचवणारे भाषण याच कुओमो यांनी केले.

याच्या उलट बाजूला, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर आहेत. १९७६ साठी ते इच्छुक होते आणि रीतसर उमेदवारही होते, पण ‘जिमी कोण?’ असे विचारणाऱ्या जाणकारांच्या लेखी ते दावेदार नव्हते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले, तरी ‘दावेदार’विषयी शंका आहे. दावा लावतो तो दावेदार. कोर्टकचेरीतून आलेला हा शब्द असल्याने त्यात स्वतः हक्क सांगणे गृहीत आहे. कुओमो यांनी कसलाही हक्क सांगितला नव्हता, मग त्यांना दावेदार का म्हणावे?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

व्युत्पत्तीच्या दृष्टीने आपले म्हणणे रास्त आहे, पण वापर पुढे गेला आहे. ‘प्रबळ दावेदार मानले जातात’ या कर्मणी रचनेकडे पाहावे. मानणारे दुसरेच असतात आणि वाक्यात ते दिसतही नाहीत. राजकीय मराठीत हा शब्द आता बहुधा असाच येतो. व्युत्पत्तीच धरायची, तर ‘उमेदवार’ म्हणजे उमेद बाळगणारा, आणि नोकरी मिळेल या आशेवर विनावेतन काम शिकणे म्हणजे ‘उमेदवारी करणे’. त्या न्यायाने मूळ प्रश्नातील सर्वच मंडळी उमेदवार ठरतील.

आजच्या अर्थाने मात्र ‘उमेदवार’ जपून वापरावा लागतो. अमेरिकेच्या कायद्यानुसार निवडणुकीसाठी ५,००० डॉलरपेक्षा अधिक रक्कम जमवली किंवा खर्च केली, की ती व्यक्ती उमेदवार ठरते. केवळ चाचपणीसाठी केलेला खर्च तेवढ्यापुरता यातून वगळलेला आहे. पण ही झाली पक्षांतर्गत फेरीतील उमेदवारी. पक्षाचा अधिकृत उमेदवार अधिवेशनात ठरतो. मराठीत दोघांनाही एकच शब्द असल्यामुळे ‘रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार रुडी ज्युलियानी’ असे २००७ साली लिहिले असते, तर वाचकाची दिशाभूल झाली असती. न्यूयॉर्कचे हे माजी महापौर जनमत चाचण्यांत देशभर आघाडीवर होते, पण एकही राज्य न जिंकता ३० जानेवारी २००८ रोजी त्यांनी माघार घेतली. तेथे ‘उमेदवारीच्या शर्यतीतील’ ही जोड आवश्यक आहे, लांबट झाली तरी.

‘काळा घोडा’ मात्र नको. मुंबईकर वाचक थेट फोर्टात जाऊन पोहोचेल. ‘छुपा रुस्तम’ जवळचा असला तरी त्यात थोडी थट्टा आहे आणि गुण लपवून ठेवल्याचा भाव आहे. अमेरिकेत ही संज्ञा चपखल बसते ती पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स पोक यांना, कारण डेमोक्रॅटिक पक्षाच्या १८४४ च्या बाल्टिमोर अधिवेशनात आघाडीच्या नावांवर एकमत होईना, तेव्हा मतदानाच्या नवव्या फेरीत प्रतिनिधींनी त्यांची निवड केली. मतदारच प्रतिनिधींचा कल ठरवू लागल्यापासून असा उमेदवार अधिवेशनात अचानक उगवण्याची वाट जवळपास बंद झाली आहे. कार्टर यांच्यासारख्यांनी महिनोन्महिने गावोगाव फिरून जम बसवला. त्यांच्यासाठी ‘अनपेक्षित दावेदार’ पुरे.

आपल्या लेखात, ज्यांनी स्वतः काही सांगितलेले नाही त्यांच्यासाठी ‘संभाव्य दावेदार’ किंवा सरळ ‘ज्यांची नावे चर्चेत आहेत’ असे लिहावे. ‘अटकळ’ हा शब्द आपण योग्य योजला आहे. ‘अंदाज’ चाचण्यांचे आकडे हाती आल्यावर वापरावा.