कॉलेजात ग्रँट सेल काढायचाय, माणूस अकाउंट्सचा घ्यावा की प्राध्यापकांतला? मदत हवी

नमस्कार मंडळी, मी बेळगावातल्या एका डिग्री कॉलेजात बॉटनी शिकवते. गेल्या महिन्यात प्राचार्यांनी बोलवून सांगितलं, मॅडम, रिसर्च ग्रँटसाठी वेगळं ऑफिस, म्हणजे ग्रँट सेल, काढा, खोली देतो, कॉम्प्युटर देतो, एक पूर्णवेळ माणूसपण देतो. लई आनंद झाला, पण सुरुवात कुठनं करायची तेच कळेना झालंय.

विषयांना आमच्याकडं तोटा नाही, खानापूरच्या जंगलातल्या औषधी वनस्पती आहेत, कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा आहे, निपाणीचा तंबाखू आहे, आणि पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची संस्था तर गावातच आहे. प्रपोजल लिहिणारेपण आहेत. घोडं अडतं ते पैसे मंजूर झाल्यावर. मागं माझा एक प्रोजेक्ट होता, पहिला हप्ता आला, कोटेशनं किती घ्यायची, कुठला खर्च कुठल्या हेडला टाकायचा, ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही, वर्ष संपलं तरी यूसी, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला, तयार नाही, त्याचा तो 12-अ फॉर्म घेऊन सह्यांसाठी मी चार महिने फिरले, तोवर दुसरा हप्ता अडकला आणि जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो, म्हणून घेतलेली मुलगी फेलोशिपची वाट बघून बघून सोडून गेली. हुशार होती हो, अजून वाईट वाटतं.

म्हणून माझं मत असं की सेलमधला माणूस अकाउंट्सचाच पाहिजे, पीएफएमएस, म्हणजे सरकारी पैशांच्या हिशेबाची ऑनलाइन यंत्रणा, कळणारा. प्राचार्य म्हणतात इंग्रजी चांगलं असलेला प्राध्यापक बसवू, कारण संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं सर्ब जाऊन आता एएनआरएफ आलंय, प्रपोजल मागवणारे कॉल कधी निघतात, काय मागतात यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. तेही खोटं नाही. शिवाय बेंगळूरहून राज्य सरकारची पत्रं कन्नडातनं येतात, ती नीट वाचणारा हवाच, माझं कन्नड बोलण्यापुरतंच. एवढं सगळं एकाच माणसात कुठनं आणायचं? आयआयटी मुंबईला आयआरसीसी नावाचं ऑफिस हे सगळं एका जागी बघतं, पण तेवढा पसारा आम्हाला झेपणार नाही.

तुमच्यापैकी कुणी छोट्या कॉलेजात असं ऑफिस चालवलंय का? ओव्हरहेडचे, म्हणजे ग्रँटमधनं संस्थेच्या वरखर्चासाठी मिळणारे, पैसे सगळे कॉलेजच्या खात्यात जातात की सेलला वाटा मिळतो? आणि खरेदीच्या बिलावर सेलच्या प्रमुखाची सही चालते की प्रत्येक बिल प्राचार्यांकडंच न्यावं लागतं? येत्या सोमवारी मला लेखी द्यायचंय, कुणाकडं सेलच्या कामांची वाटणी केलेला कागद असला तर कृपया इथं टाका.