राउटर बदलल्यापासून लॅपटॉपवर प्रिंटर 'ऑफलाइन', मोबाइलवरून मात्र प्रिंट निघते. काय करावं?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. घरी वायफायवाला इंकजेट प्रिंटर आहे. चार वर्षं त्यानं एकदाही त्रास दिला नाही. गेल्या आठवड्यात राउटर बदलला. नव्या राउटरला मी मुद्दाम जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, म्हणजे घरातलं एकेक यंत्र पुन्हा जोडत बसायला नको. बाकी सगळं आपोआप जोडलं गेलं. मोबाइलवरून प्रिंटही निघते. पण लॅपटॉपवर (विंडोज ११) प्रिंटरच्या नावाखाली 'ऑफलाइन' हा शब्द काही हलत नाही.

आतापर्यंत केलेले उपाय: प्रिंटर बंद-चालू, लॅपटॉप रीस्टार्ट, प्रिंटर यादीतून काढायचा प्रयत्न (निघाला नाही), मग पुन्हा जोडला. आता यादीत तो दोनदा दिसतो, दुसऱ्याच्या नावापुढे 'कॉपी १' असं आलंय. रांगेत अकरा कामं अडकली आहेत. डिलीट केलं की 'डिलीटिंग' असं लिहून येतं आणि तिथेच राहतं.

घाई अशासाठी की माझे बाबा आठवणी लिहिताहेत. ते वहीत लिहितात, मी टाइप करते आणि ते छापील पानावर पेन घेऊन तपासतात. वय ७८ आहे, स्क्रीनवर त्यांना वाचवत नाही. चाळीस पानं तयार होऊन पडली आहेत आणि रोज सकाळी ते विचारतात, "आली का पानं?" मोबाइलवर फाइल पाठवून छापून पाहिलं, पण फॉन्ट बदलतो आणि ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात. नवा प्रिंटर घ्यायची वेळ आली आहे का?

प्रतिसाद १

ड्रायव्हर (लॅपटॉपला प्रिंटर चालवायला लागणारा प्रोग्राम) खराब झालाय. कंपनीच्या साइटवरून नवा उतरवून टाका, होईल.

प्रतिसाद २

राउटरचा बँड (वायफायची लहर, २.४ की ५ गिगाहर्ट्झ) बघा. घरगुती प्रिंटरपैकी बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ त्यांना दिसतच नाही. नवे राउटर दोन्हींना एकच नाव देतात. शिवाय नव्या राउटरवर सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) ठेवलेली असेल तर जुना प्रिंटर आत येऊ शकत नाही. डब्ल्यूपीए२ (आधीचा प्रकार) किंवा दोन्हींचं मिश्रण ठेवावं लागतं. माझ्याकडे हेच झालं होतं.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही गोष्टी शक्य आहेत, पण ताई, अजून काहीही काढू-घालू नका. प्रिंटर आणि राउटर हा एक दुवा, लॅपटॉप आणि राउटर हा दुसरा. कुठला तुटलाय हे कळायच्या आत ड्रायव्हर बदलत बसलं की मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर नवा गोंधळ होतो. तुमची 'कॉपी १' त्यातूनच आलेली दिसते.

मोबाइलवरून प्रिंट निघते म्हणजे प्रिंटर राउटरवर आहे, असं लगेच धरू नका. बऱ्याच प्रिंटरना स्वतःचं छोटं वायफाय असतं, वायफाय डायरेक्ट म्हणतात ते. मोबाइल थेट त्याला जोडलेला असेल तर राउटर नसतानाही पानं निघतील. मोबाइलच्या वायफाय यादीत बघा. जोडलेल्या नावाची सुरुवात 'डायरेक्ट' अशी असेल तर तोच प्रकार आहे.

मग प्रिंटरकडून नेटवर्कचं पान छापून घ्या. पडदा असेल तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये सापडेल. नसेल तर बहुतेक मॉडेलवर माहितीचं किंवा वायफायचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. लॅपटॉपची काही गरज नाही, प्रिंटर ते स्वतःच छापतो. त्यावर आयपी ॲड्रेस, म्हणजे प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता, शोधा.

तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्यानं स्वतःच एक लावून घेतलाय. मग प्रतिसाद २ मधली तपासणी करा. पण १९२.१६८ असा काही असेल तर प्रिंटर घरच्या नेटवर्कवर व्यवस्थित बसलाय आणि शोध लॅपटॉपवर घ्यायचा.

लॅपटॉपवर: सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स. तुमचा प्रिंटर निवडा, प्रिंटर प्रॉपर्टीज उघडा, वर पोर्ट्स हा टॅब आहे (पोर्ट म्हणजे लॅपटॉप छपाईचं काम जिथे पाठवतो ते ठिकाण). ज्या ओळीवर टिक आहे त्या पोर्टचं नाव किंवा त्यातला पत्ता जसाच्या तसा इथे लिहा. हे घरातले पत्ते असतात, सांगायला धोका नाही. वायफायचा पासवर्ड मात्र लिहू नका, काही प्रिंटर तोही त्या पानावर छापतात.

मूळ प्रश्नकर्ती

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मोबाइल घरच्याच वायफायवर आहे, 'डायरेक्ट' नाही. पान छापलं.

प्रिंटरच्या पानावर: १९२.१६८.१.७
लॅपटॉपच्या पोर्टवर: १९२.१६८.०.१०५

'कॉपी १' वरही हेच दुसरं. पुन्हा जोडताना पोर्ट विचारलं होतं, आधीपासून जे निवडलेलं होतं तेच मी ठेवलं.

प्रतिसाद ३

सापडलं! प्रिंटर ठणठणीत आहे, नवा मुळीच घेऊ नका.

तिसरा आकडा बघा, एकीकडे १ आणि दुसरीकडे ०. जुना राउटर १९२.१६८.० या मालिकेतले पत्ते वाटत असणार, नवा १९२.१६८.१ मधले वाटतो. नाव-पासवर्ड तेच राहिले म्हणून प्रिंटर आपोआप जोडला गेला, पण त्याचा पत्ता बदलला. मोबाइल दर वेळी नेटवर्कवर हाक मारतो, 'इथे कुणी प्रिंटर आहे का?', आणि जो ओ देईल त्याच्याकडे काम पाठवतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये पत्ता कायमचा लिहून ठेवलेला आहे. तो अजून जुन्या घराचं दार ठोठावतोय आणि उत्तर येत नाही म्हणून ऑफलाइन म्हणतोय. ड्रायव्हर दहा वेळा बदलला असता तरी पोर्ट तेच राहिलं असतं.

आधी खात्री करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये (हुकूम टाइप करायची खिडकी, स्टार्टमध्ये शोधा) पिंग (ping) हा शब्द इंग्रजीत, एक जागा सोडून प्रिंटरच्या पानावरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत, मग एंटर. चार ओळी उत्तर आलं की दोघांची गाठ पडतेय. नाही आलं तर लॅपटॉपवर व्हीपीएन (लॅपटॉपला दुसऱ्या, बहुधा ऑफिसच्या, नेटवर्कशी जोडणारी सोय) चालू आहे का बघा, ऑफिसच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा तोच आडवा येतो. आणि लॅपटॉप राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर तर नाही ना? तिथली यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत.

आता अडकलेली अकरा कामं. ती नुसती डिलीट होणार नाहीत. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधून उघडा, प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) सापडेल, त्याला स्टॉप करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स हे फोल्डर. परवानगी विचारेल, द्या. आतल्या फाइली पुसा. फक्त आतल्या! फोल्डर राहू द्या आणि शेजारच्या ड्रायव्हर्स फोल्डरला हात लावू नका. मग स्पूलर पुन्हा स्टार्ट.

त्यानंतर पोर्ट्स टॅबवर ॲड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, नवा पत्ता, पुढे-पुढे. ॲप्लाय करून चाचणीचं पान काढा. 'कॉपी १' शेवटी काढून टाका.

प्रतिसाद ४

एक भर घालतो. पत्ता बरोबर असून आणि पिंगला उत्तर येत असूनही ऑफलाइन दिसत असेल, तर त्याच टॅबवर कॉन्फिगर पोर्टमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' (विंडोज प्रिंटरकडे त्याच्या स्थितीची चौकशी करतं ती सोय) वरची टिक काढून बघा. काही प्रिंटर त्या चौकशीला नीट उत्तर देत नाहीत आणि विंडोज त्याचा अर्थ ऑफलाइन असा लावतं. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय. रांगेच्या खिडकीतल्या मेनूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' वर चुकून टिक राहिली असेल तरी असंच दिसतं.

प्रतिसाद ५

माझा प्रिंटर यूएसबी केबलवर आहे, तरी असंच ऑफलाइन येतंय आणि तशीच 'कॉपी १' झाली आहे. माझ्याकडे आयपीचा प्रश्नच नाही ना?

प्रतिसाद ३

नाही, पण तुमचाही प्रश्न पोर्टचाच दिसतोय. केबल आधी एका खाचेत होती आणि आता दुसऱ्या, असं झालंय का? विंडोज कधी कधी दुसऱ्या खाचेतला तोच प्रिंटर नवा समजतं आणि यूएसबी००१ च्या जागी यूएसबी००२ बनवतं. काम जुन्याकडे जातं, प्रिंटर नव्यावर असतो. केबल जुन्या खाचेत लावा, नाहीतर पोर्ट्स टॅबवर दुसऱ्या ओळीवर टिक करा. मधे यूएसबी हब (एका खाचेच्या अनेक खाचा करणारी डबी) असेल तर काढा, थेट जोडा. केबल पाच मीटरपेक्षा लांब नको.

प्रतिसाद १

मीच वर ड्रायव्हर टाका म्हटलं होतं. इथे तो उपाय चुकीचा होता, हे मान्य.

मूळ प्रश्नकर्ती

झालं! पिंगला चारही उत्तरं आली. स्पूलरचं फोल्डर उघडताना हात थरथरत होता, पण आत मोजक्या फाइली होत्या, पुसल्या. नवं पोर्ट टाकलं, चाचणीचं पान निघालं आणि पाठोपाठ बाबांची चाळीस पानं. त्यांनी पहिल्याच पानावर आजोबांच्या गावाचं नाव खोडून दुरुस्त केलंय, मी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं होतं.

एक शंका. हा १९२.१६८.१.७ पुन्हा बदलला तर? राउटर बंद-चालू होतच असतो.

प्रतिसाद ३

वाचून फार बरं वाटलं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

हो, बदलू शकतो. राउटर हे पत्ते ठरावीक मुदतीसाठीच देतो. म्हणून राउटरच्या सेटिंगच्या पानावर डीएचसीपीखाली (पत्ते वाटणारी सोय) ॲड्रेस रिझर्व्हेशन असं काही असेल ते शोधा. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राची कायमची ओळख) आणि १९२.१६८.१.७ यांची जोडी लावून ठेवा. मॅक ॲड्रेस त्याच छापलेल्या पानावर आहे, दोन-दोन आकड्यांच्या किंवा अक्षरांच्या सहा जोड्या. प्रिंटरच्याच पडद्यावरून पत्ता पक्का करायची सोय असते, पण राउटरवर केलेलं बरं, नाहीतर राउटर तोच पत्ता एखाद्या दिवशी दुसऱ्या यंत्राला देऊन बसतो.

मूळ प्रश्नकर्ती

केलं. राउटर मुद्दाम बंद करून पाच मिनिटांनी लावला, पत्ता तोच आला. नेटवर्कचं पान घडी करून प्रिंटरच्या झाकणाखाली ठेवलंय, त्यावर बाबांनी स्वतःच्या अक्षरात तारीख घातली आहे.