एसएसएलसॉकेटवर अव्हेलेबल() शून्य सांगतं, पण डेटा तर आलेला असतो

बिट_बहाद्दर:
मंडळी, जावात एक क्लायंट लिहितोय. सर्व्हर आधी चार बाइटमध्ये लांबी पाठवतो, मग तेवढा मजकूर. साध्या सॉकेटवर सगळं सुरळीत होतं. एसएसएलसॉकेट (टीएलएस या कूटबद्ध जोडणीवर चालणारं सॉकेट) लावल्यापासून अव्हेलेबल(), म्हणजे न थांबता किती बाइट वाचता येतील ते सांगणारं फंक्शन, कायम 0. त्यामुळे 'अव्हेलेबल शून्याहून मोठं असेपर्यंत वाच' हा माझा लूप आत शिरतच नाही. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं साधन) पॅकेट आलेलं स्वच्छ दिसतं, आणि न विचारता थेट रीड() केलं तर डेटा हातात पडतो!

दुसरी गंमत: आमचा एक जुना सर्व्हर अजून टीएलएसच्या जुन्या 1.0 आवृत्तीवरच आहे (त्याच्यासाठी जावाची सेटिंग मुद्दाम सैल केली आहे). त्याच्याकडून पहिल्या रीडला एकच बाइट येतो, बाकीचे पुढच्या रीडला. वरून बफर्डइनपुटस्ट्रीम (डेटा आधीच साठवून ठेवणारा जावाचा वर्ग) गुंडाळला तर दोन्ही सुटेल का?

जुना_सॉकेटवाला:
नाही सुटणार. अव्हेलेबल() चा नाद सोडा.

टीएलएसमध्ये डेटा रेकॉर्डमध्ये बांधून येतो. एका रेकॉर्डमध्ये मूळ मजकूर जास्तीत जास्त 16384 बाइट. अख्खं रेकॉर्ड आल्याशिवाय त्यात वाटेत फेरफार झाला नाही ना हे तपासता येत नाही, आणि तपासल्याशिवाय त्यातला एकही बाइट तुम्हाला देणं सुरक्षित नाही. अव्हेलेबल() फक्त आधीच उलगडलेल्या रेकॉर्डमधलं उरलंसुरलं मोजतं. उलगडण्याचं काम रीड() करतं, आणि तुमचा लूप रीड() पर्यंत पोचतच नाही. दोघेही एकमेकांची वाट बघत बसलेत.

एक बाइटचं कारण 2011 सालचा बीस्ट नावाचा टीएलएसवरचा हल्ला. टीएलएस 1.0 मध्ये सीबीसी (ठोकळे एकमेकांना साखळीसारखे जोडून कूटबद्ध करण्याची पद्धत) वापरताना पुढच्या रेकॉर्डचा आयव्ही, म्हणजे साखळीची सुरुवातीची किंमत, आधीच कळतो. त्यावर उपाय म्हणून पाठवणारा पहिला बाइट वेगळ्या रेकॉर्डमध्ये टाकतो आणि उरलेले दुसऱ्या. तुमचा सर्व्हर बहुधा तेच करतोय. त्यात बिघाड काही नाही. रीड() ने किती बाइट द्यावेत याची हमी कधीच नव्हती, साध्या सॉकेटवर नशिबाने जमत होतं एवढंच.

बफर्डइनपुटस्ट्रीमही इथे फसतो. एकदा वाचल्यावर 'अजून आणू का' हे तो आतल्या स्ट्रीमच्या अव्हेलेबल() लाच विचारतो. उत्तर 0 आलं की मिळालं तेवढं देऊन मोकळा. डेटाइनपुटस्ट्रीम घ्या, रीडइंट() ने लांबी वाचा, मग रीडफुली(), जे मागितलेले सगळे बाइट येईपर्यंत थांबतं. त्याच्या खाली बफर ठेवायला हरकत नाही, छोटी रीड स्वस्तात होतात. फक्त लांबीला कमाल मर्यादा घाला. समोरून दोन अब्ज आले तर तेवढा अ‍ॅरे मागणार आहात का?

सी_वाली:
आमच्याकडे हेच दुखणं उलट्या बाजूने. ओपनएसएसएल ही सी मधली टीएलएस लायब्ररी वापरताना सिलेक्ट() (सॉकेटवर डेटा येईपर्यंत थांबणारा कॉल) म्हणतो सॉकेट रिकामं, कारण कर्नलकडे खरोखर काही उरलेलं नसतं. सगळे बाइट ओपनएसएसएलने आत ओढून ठेवलेले. एका रेकॉर्डमधले शंभर बाइट वाचून सिलेक्ट() वर परतलात की उरलेले तसेच पडून राहतात आणि प्रोग्रॅम झोपतो. म्हणून 'वाँट रीड' (आणखी डेटा आल्याशिवाय वाचता येणार नाही) असं उत्तर येईपर्यंत एसएसएल_रीड चालू ठेवायचं, किंवा झोपण्याआधी आत किती बाइट उरलेत ते एसएसएल_पेंडिंगला विचारायचं. पायथनच्या सॉकेटलाही त्यासाठी पेंडिंग() आहे.

बिट_बहाद्दर:
रीडफुली() ने दोन्ही मिटलं, आभार! आता एसएमटीपीचा, म्हणजे ईमेल पाठवण्याचा, भाग लिहायचाय. स्टार्टटीएलएसच्या (साधी जोडणी टीएलएसवर नेणारी आज्ञा) आधी ओळी वाचायला जो बफर्डरीडर आहे, तोच पुढे चालवू का?

जुना_सॉकेटवाला:
अजिबात नको. तो रीडर साध्या सॉकेटला बांधलेला आहे. टीएलएस सुरू झाल्यावर एसएसएलसॉकेटच्या स्ट्रीमवर नवा बांधा. आणि जुन्याच्या पोटात काही उरलं असेल तर ते वापरायचं नाही, सरळ कनेक्शन तोडा. 2011 मध्ये पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये नेमकं हेच भोक सापडलं होतं, नोंद क्रमांक सीव्हीई-2011-0411. स्टार्टटीएलएसच्या मागोमाग जोडणीच्या मधे बसलेल्या हल्लेखोराने साध्या मजकुरात आज्ञा चिकटवायच्या. त्या बफरमध्ये राहायच्या आणि टीएलएस सुरू झाल्यावर, जणू सुरक्षित वाटेने आल्यात अशा, पाळल्या जायच्या. ते भोक सर्व्हरचं होतं, पण क्लायंटचा बफरही तितकाच भोळा असतो.

सी_वाली:
स्ट्रीम कसा संपला तेही बघ. समोरच्याने क्लोज_नोटिफाय (टीएलएसचा 'आता बंद करतो' हा संदेश) पाठवून निरोप घेतला तर ठीक. नुसती टीसीपी तुटली असेल तर कोणी मधेच कापलं असू शकतं. तुझ्याकडे लांबी आधी येते म्हणून अर्धवट संदेशावर रीडफुली() ईओएफएक्सेप्शन ('डेटा अकाली संपला' ही चूक) फेकेल, पण 'जोडणी संपली म्हणजे संदेश संपला' अशा प्रोटोकॉलमध्ये ही काटछाट कळतही नाही.

बिट_बहाद्दर:
आणि टाइमआउट? सेटएसओटाइमआउट() ने वाचण्याची वेळमर्यादा लावून रीडफुली() पुन्हा पुन्हा बोलावलं तर चालेल?

जुना_सॉकेटवाला:
नाही. रीडफुली() मधेच टाइमआउट झालं तर तोवर किती बाइट आले हे ते सांगत नाही, आणि दुसऱ्यांदा बोलावलंत की अ‍ॅरे पुन्हा पहिल्यापासून भरायला लागतं. पुन्हा प्रयत्न करायचाच असेल तर स्वतः लूप लिहून रीड() ने परत केलेला आकडा जपा. नाहीतर टाइमआउटला सॉकेट बंद करून नवं उघडा. मी हा दुसरा मार्गच घेतो.