नोटपॅड: टॅबपेक्षा मोठा बदल आधीच झालाय

दादा, विंडोजमधल्या साध्या मजकूर लिहायच्या नोटपॅडमध्ये टॅब (एकाच खिडकीत अनेक फाईली) आले यापलीकडं बदललं काय, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते मराठी लिहिणाऱ्यासाठी खरा बदल २०१९ चा. तेव्हापासून नवी फाईल आपोआप यूटीएफ-८ मध्ये सेव्ह होते, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत. आधी ठरलेलं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) एएनएसआय असायचं, त्या जुन्या पद्धतीत देवनागरी बसत नाही. सेव्ह करताना येणारा इशारा न वाचता ओके दाबलं की देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. आणि एकदा प्रश्नचिन्हं झाली की एन्कोडिंग बदलूनही अक्षरं परत येत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

मी परभणीत आडतीवर रोजचे भाव टिपतो. ‘सोयाबीन, तूर, हळद (वसमत)’ अशी ओळ आता मोबाईलवरही जशीच्या तशी उघडते. ‘ज्ञ’ नाही की ‘र्‍य’ नाही, काही तुटत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात एन्कोडिंग दिसतं, तिथं एकदा नजर टाकत जा.

लिनक्सवरून (विंडोजऐवजी वापरतात ती दुसरी प्रणाली) आलेली फाईल २०१८ पासून नीट ओळी पाडून दिसते. टॅब विंडोज ११ मध्ये २०२३ ला आले. आता सेव्ह न करता खिडकी बंद केली तरी मजकूर पुढच्या वेळी समोर येतो. तरी बाजारभावाच्या फाईलला कंट्रोल-एस दाबल्याशिवाय मी उठत नाही.