दीड लाख रनिंगची गाडी दारात आली, आता आधी काय करायचं?

लातूर

गेल्या महिन्यात गाडी घेतली. २०१४ ची स्विफ्ट डिझेल, रनिंग १,६२,०००, मी तिसरा मालक. आधीचे मालक औषध कंपनीत फिरतीवर होते, त्यामुळं लातूर-नांदेड-सोलापूर अशी पळवलेली गाडी आहे. घ्यावी का नको हा विषय आता संपलाय, तो कृपया उकरू नका. सर्व्हिसचे कागद ९०,००० किलोमीटरपर्यंतचेच आहेत. त्यापुढचं विचारलं की "आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं करायचो" एवढंच उत्तर मिळतं.

गल्लीत विचारलं तर एक म्हणतो इंजिन खोलून घ्या, दुसरा म्हणतो डिझेल टाका आणि पळवा. दोघांच्याही दारात गाडी नाही.

म्हणून ज्यांनी लाखाच्या पुढची गाडी घेऊन खरंच वापरली आहे त्यांनीच लिहा. पहिले पैसे कशावर घातले, कोणता खर्च उगाच झाला, आपल्याकडचं ऊन, धूळ आणि बोअरचं पाणी यात वेगळं काय बघावं लागतं. गॅरेजवाल्यांनीही लिहावं.

छत्रपती संभाजीनगर

मी एसटीच्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालो. तिथं लाखो किलोमीटर पळालेल्या बसेस पाहिल्यामुळं दीड लाखाचा आकडा ऐकून मला काही वाटत नाही. रनिंग किती झालं यापेक्षा त्या रनिंगमध्ये काय-काय बदललं हे महत्त्वाचं. माझा नियम असा की ज्या कामाचा कागद नाही ते काम झालेलंच नाही असं धरायचं. विकणारा खोटं बोलतो असं नाही, त्याला आठवत नसतं.

तेव्हा तुमच्या गाडीत ९०,००० नंतर काहीच झालं नाही असं समजून चला. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), ब्रेक ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल, हे सगळं एकदा नव्यानं करा आणि त्या दिवशीचं रीडिंग लिहून ठेवा. गिअरबॉक्सचं ऑइल सगळे विसरतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, दोन वर्षांनी बदलायचं असतं. डबीत बघा, चहाच्या रंगाचं झालं असेल तर दोन वर्षं केव्हाच उलटली.

दुसरं, गाडी ऐकायची ती सकाळी, रात्रभर थंड झाल्यावर. गरम इंजिन बरेच आवाज लपवतं. सुरू करताना सायलेन्सरमागं कुणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, तिथं आधी एअर फिल्टर बघा, लगेच इंजेक्टर काढू नका. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ निघतो, पण इंजिन गरम झाल्यावरही निघत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या पॅकिंगचं काम आहे. ऑइलच्या झाकणाला आतून साईसारखं काही लागलंय का तेही बघा.

अंबाजोगाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, रोज केज तालुक्यात जाणं-येणं. माझी ऑल्टो ८००, २०१५ ची, घेतली तेव्हा लाखाच्या थोडी पुढं होती.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा. माझ्या गाडीला बेल्ट आहे, चेन नाही, हे मला गाडीच्या पुस्तिकेत वाचून कळलं. पुस्तिका प्रत्येकानं वाचावी, विकणाऱ्याकडून मागून घ्यावी. बेल्ट बदलल्याचा कागद नव्हता. मी गॅरेजात सांगितलं, बेल्ट बदलायचाय. मिस्त्री माझ्या मिस्टरांकडं बघून म्हणाले, "साहेब, गाडी चांगली चालू आहे, कशाला हात लावता?" मिस्टरांना गाडीतलं हवा भरण्यापलीकडं काही कळत नाही. मी म्हटलं, दादा, कव्हर उघडा, मग बोलू. उघडलं. बेल्ट दोन बोटांत धरून उलटा वाकवला तर आतल्या दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा, आणि एका कडेला दोरे निघालेले. त्यानंतर माणूस माझ्याशीच बोलायला लागला.

बेल्ट तुटण्याआधी आवाज देत नाही, हेच त्याचं वाईट. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. पाच-सहा हजारांत भागणारं काम मग तीस-चाळीस हजारांवर जातं. बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि ऑइल सीलही बदलून घ्या, कारण तेवढ्यासाठी पुन्हा सगळं खोलायची मजुरी द्यावी लागते.

पेट्रोलवाल्यांसाठी आणखी एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ते धरून बनवलेल्या नाहीत. इथेनॉल आपल्याच कारखान्यांच्या उसाचं असलं तरी जुन्या रबरी नळ्यांना त्याचं कौतुक नाही. मी पेट्रोलच्या नळ्या तपासून दोन बदलून घेतल्या. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर उद्यावर टाकू नका.

आणि वही ठेवा. तारीख, रीडिंग, काय केलं, किती घेतले. माझ्या वहीमुळं मिस्त्री बिलात "किरकोळ" असा शब्द लिहीत नाहीत.

नांदेड

माझं गॅरेज हाय. मॅडमनी बेल्टचं बरोबर सांगितलं. लातूरच्या सरांच्या स्विफ्ट डिझेलला चेन हाय, बेल्ट नाही, त्यामुळं बेल्टसाठी कुणी पैसे मागितले तर हात जोडा. इंडिका डिझेल, जुनी सॅन्ट्रो, डस्टर डिझेल, जुनी इनोव्हा डिझेल, यांना बेल्ट असतो. चेन म्हणजे अमर असंबी नाही. ऑइल वेळेवर नाही बदललं की चेन सैल पडती, टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो ना. सकाळी सुरू केल्या-केल्या पुढून खडखड येऊन लगेच थांबत असंल तर लक्ष ठेवा, थांबतच नसंल तर गाडी चालवू नका.

मला खरं सांगायचंय ते पाण्याचं. माझ्याकडं एप्रिल-मेमधी ज्या गाड्या दोरी बांधून येतात त्यातल्या निम्म्या पाण्यानं मेलेल्या असतात. पाणी नव्हतं म्हणून नाही, पाणी होतं म्हणून. आपल्या बोअरचं पाणी जड. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या काळात तर टँकरचं, बोअरचं, जे मिळंल ते लोकांनी रेडिएटरात ओतलेलं मी बघितलंय. असा रेडिएटर कापून बगा एकदा. बोटानं खरवडलं की पांढरे पापुद्रे निघतात, मधल्या नळ्या अर्ध्या बंद. वरून बघावं तर टाकी गच्च भरलेली. माझे उस्ताद म्हणायचे, "मियाँ, पानी पिने का है, गाडी को मत पिलाओ."

तर पाणी पूर्ण काढा, रेडिएटर बाहेर काढून साफ करून घ्या, लईच बसला असंल तर नवा टाका. मग तयार कूलंट भरा, नाहीतर कॉन्सन्ट्रेटमधी डिस्टिल्ड वॉटर मिसळा. रेडिएटरचं झाकण नवं घ्या. दोन-तीनशेची वस्तू हाय, पण त्याचं रबर गेलं की प्रेशर टिकत नाही, प्रेशर नाही म्हणजे पाणी लवकर उकळतं. होजपाइप दाबून बगा, कडक झाला किंवा फुगला तर बदला. फॅन लागतो का बगा. एसी लावून गाडी उभी ठेवा, टेम्परेचरचा काटा मधातच राहिला पाहिजे. आणि गरम गाडीचं झाकण उघडू नका, तोंड भाजलेली माणसं बघितलीत मी.

आपल्याकडं अजून एक रोग हाय. गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह, काढून फेकायचा. "त्याची काय गरज आपल्या उन्हात?" असं गिऱ्हाइकच सांगतं. त्यानं इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं, आणि खरा बिघाड झाकून राहतो. जुनी गाडी घेतली की आधी विचारा, थर्मोस्टॅट हाय का काढलाय. नसंल तर बसवूत.

बीड

एसटीवाल्या काकांचं सगळं मान्य. मी एक जोडतो: गाडी घेतल्या-घेतल्या इंजिन फ्लश करून घ्या, म्हणजे रसायन ओतून आतून धुऊन घ्या, असा सल्ला आमच्याकडं फार चालतो, तो कुणी ऐकू नका. ज्या इंजिनात वर्षानुवर्षं काळं गाळ बसलंय त्यात फ्लश ओतला की गाळ सुटून ऑइलच्या जाळीत अडकू शकतो. त्यापेक्षा चांगलं ऑइल टाका, दोन-तीन हजार किलोमीटरला काढा, पुन्हा टाका. गाळ हळूहळू निघतो. महाग पडतं, पण इंजिनाला धक्का नाही.

ब्रेकबद्दल. मांजरसुंब्याचा घाट किंवा कन्नडचा घाट उतरून आल्यावर पेडल मऊ लागलं तर जुन्या ब्रेक ऑइलला उकळी आली असं समजा. मागचे ड्रम खोलून बघा. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात आत जाऊन वाळते, व्हील सिलिंडरचं रबर गळत असतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

खडखडाटाला घाबरू नका. लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश हे सस्पेन्शनचे भाग आपल्या रस्त्यांवर जाणारच. स्वस्तातले बुश टाकले की वर्षात परत तेच.

जालना

आमचं समृद्धीवर जाणं-येणं असतं म्हणून फक्त टायरबद्दल. नक्षी किती राहिली एवढंच बघू नका, टायरचं वय बघा. कडेला चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. जास्त रनिंगच्या गाडीला विकण्याआधी जुने टायर पॉलिश करून लावलेले असतात, चमकतात छान. कडेच्या रबराला चिरा असतील तर सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर १२० नं ती गाडी नेऊ नका. आणि उन्हाळा म्हणून हवा कमी भरतात ते उलटं आहे. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो, जास्त तापतो. सकाळी थंड टायरवर दरवाजाच्या स्टिकरप्रमाणं हवा भरा. स्टेपनीत पण.

हिंगोली

गाडी शेतातल्या घरी लावत असाल तर खारी आणि उंदीर. आधीच्या मालकाच्या काळातल्या कुरतडलेल्या वायरी टेप गुंडाळून ठेवलेल्या होत्या, एकेक शोधून नीट जोडून घेतल्या. आता खालून जाळी बसवलीय. तंबाखूची पानंही ठेवून बघितली, आमच्या खारींना फरक पडत नाही.

परभणी

माझी डिझेल गाडी दोन लाखांच्या पुढं गेली आहे, अजून इंजिनाला हात लावलेला नाही. हायवेवर पळालेले दीड लाख हे मुंबईच्या ट्रॅफिकमधल्या साठ हजारांपेक्षा बरे, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबई-कोकणातून आलेली गाडी असेल तर खाली वाकून गंज बघा.

डिझेलवाल्यांनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढायची सवय ठेवावी, विशेषतः ड्रममधलं डिझेल कधी भरत असाल तर. टर्बोची गाडी लांबून पळवून आणल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या. आमचं ऊन बॅटरी लवकर खातं. इंजिन चालू असताना मीटर लावून १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) ठीक आहे, तरीही बॅटरी उतरत असेल तर बॅटरीच बदला.

हजाराच्या आतबाहेर मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर घ्या. सर्व्हिसला जाण्याआधी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचून गेलं की बोलणं सोपं होतं. उगाच झालेला खर्च विचारलात म्हणून सांगतो: टेफ्लॉन कोटिंग आणि नवे सीट कव्हर. त्या पैशांत चारही बाजूंचे ब्रेक झाले असते असं घरात अजून ऐकवलं जातं.

आणि सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर आता आपल्या भागातली गाडीही पाण्यात बुडाली होती का हे बघायला हवं: सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटपर्यंत बघा, चिखलाची रेघ दिसते. स्टेपनीच्या खाली हात घाला.

उदगीर

आमच्याकडं तेलंगणा-कर्नाटक पासिंगच्या आणि दिल्लीच्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्या स्वस्तात येतात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी आली होती, म्हणून त्या इकडं निघू लागल्या. गाडी चांगली असू शकते, पण तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, आणि इथला रोड टॅक्स, हे धरून भाव करा. राज्यातली गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. ऑनलाइन चलन बाकी आहेत का तेही आधी बघा, नंतर ती तुमच्या गळ्यात. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का विचारा.

लातूरच्या सरांनी विमा लगेच नावावर करून घ्यावा, व्यवहारापासून १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. नावावर नसेल तर समोरच्याची नुकसानभरपाई निघते, स्वतःच्या गाडीच्या क्लेमला अडचण येते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, त्यामुळं हप्ता थोडा वाढून येईल. एजंटनं "तसाच चालू ठेवू, कुणाला कळतंय" म्हटलं तर एजंट बदला.